जड कुंड्या हलवताना

कुंडी हलवायची असेल तर पाणी घालायच्या आधी हलवा. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो वजन, आणि भिजलेली माती ते बराच वेळ धरून ठेवते. काठाला धरून ओढू नका, मातीची कुंडी तिथेच तडकते. जरा कलती करून खाली गोणपाट सरकवा आणि गोणपाटच ओढा. फरशीवर ओरखडेही उठत नाहीत.

वाऱ्याचं म्हणाल तर उंच झाड हलक्या प्लास्टिकच्या कुंडीत असलं की आडवं होणारच. ती कुंडी रुंद बुडाच्या जड कुंडीत बसवा, मधल्या फटीत दगड भरा. खालची भोकं मात्र मोकळी हवीत! कठड्याला बांधायचं तर सुती पट्टीने, सैलसर. सुतळी सालीत रुतते. सावलीतलं झाड एकदम कडक उन्हात नेऊ नका, पानं करपतात.