बोर्डावर 84 लाख होते, बिल कोटीवर कसं गेलं?

प्रश्न: आमच्या गल्लीत महापालिकेचं पावसाळी गटाराचं काम चालू आहे. बोर्डावर 84 लाख लिहिलंय पण आता ऐकतोय की काम 1 कोटी 9 लाखांवर गेलं. साइटवर विचारलं तर म्हणे खाली दगड लागला. टेंडर होऊन गेल्यावर रक्कम अशी वाढवता येते का, आणि वाढवतं कोण? आम्ही रहिवाशांनी नक्की काय बघायचं?

उत्तर: वाढवता येते, आणि वाढली म्हणजे खाल्लेच पैसे असं लगेच धरू नका. जमिनीच्या पोटात काय आहे ते एस्टिमेट करणाऱ्याला वरून दिसत नाही, दोनचार चाचणी खड्डे घेतात आणि त्यावरून मुरूम इतका, कठीण मुरूम इतका, पाषाण इतका असं मांडतात, आणि या प्रत्येकाचा दर वेगळा असतो. मी कनिष्ठ अभियंता असताना एका गटाराच्या कामात पहिले 40 मीटर मुरूम भराभर निघाला, त्यापुढे असा काळा पाषाण लागला की ब्रेकर लावून दिवसाला चार मीटरसुद्धा पुढे सरकेना. तो फोडल्याशिवाय पाइप बसत नाही आणि फोडला की पैसे द्यावेच लागतात, त्याला इलाज नाही.

म्हणून करारातच सोय असते. आपल्याकडे सार्वजनिक बांधकाम खात्याचा बी-1 हा कराराचा छापील नमुना बऱ्याच ठिकाणी वापरतात, त्यात कलम 38 आहे ते बघा. टेंडरमधल्या आयटमचं परिमाण 25 टक्क्यांपर्यंत वाढलं तर दर तोच राहतो. त्याच्या वर गेलं आणि त्या वरच्या मालाची किंमत 5000 रुपयांपेक्षा जास्त झाली, तर फक्त त्या वरच्या भागाला ते काम ज्या वर्षी झालं त्या वर्षीच्या दरसूचीचा, म्हणजे प्रत्येक कामाच्या सरकारी दरांच्या यादीचा, दर लागतो, आणि त्यालाही ठेकेदाराने टेंडर जेवढं कमी-जास्त भरलं तेवढे टक्के लावायचे. समजा टेंडरमध्ये 400 घनमीटर पाषाण होता, निघाला 620, आणि ठेकेदाराचं टेंडर 12 टक्के बिलो, म्हणजे अंदाजित रकमेपेक्षा 12 टक्के कमी होतं. तर 500 घनमीटरपर्यंत टेंडरचा दर, आणि वरच्या 120 ला नवीन दरसूचीतून 12 टक्के वजा करून. बिलात ते 12 टक्के वजा झालेत की नाही हे जरूर बघा, लोक नेमकं तेच बघत नाहीत.

टेंडरमध्ये नव्हताच असा आयटम करावा लागला, म्हणजे मध्ये जुनी पाण्याची लाइन आली आणि ती सरकवायची पाळी आली, तर त्याला एक्स्ट्रा आयटम म्हणतात. त्याचं दर पृथक्करण करून, म्हणजे माल, मजुरी असं सुटं मांडून दर काढून, ईआयआरएल म्हणजे एक्स्ट्रा आयटमच्या दरांची यादी मंजूर करून घ्यावी लागते. आणि वाढलेल्या-घटलेल्या सगळ्या आयटमचं मिळून एक्सेस-सेव्हिंग स्टेटमेंट बनतं. हा कागद फार बोलका असतो, कारण पाषाण वाढला असेल तर मुरूम तेवढाच कमी व्हायला पाहिजे ना, खड्डा तर तोच आहे! दोन्ही वाढलेले दिसले तर चराची लांबी-रुंदी-खोली विचारा.

आता मंजुरी. फाइल कनिष्ठ अभियंत्याकडून उप, कार्यकारी, शहर अभियंता, लेखा विभाग करत आयुक्तांपर्यंत जाते, पण कायम तिथेच थांबते असं नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 च्या कलम 73 प्रमाणे ठराविक रकमेच्या वरचा करार आयुक्तांना स्थायी समितीच्या मंजुरीशिवाय करता येत नाही, आणि मूळ कराराला जे नियम तेच त्यातल्या फेरफारालाही लागू आहेत. म्हणजे मूळ काम समितीपुढे गेलं असेल तर वाढही तिथेच गेली पाहिजे. 2022 पासून कित्येक महापालिकांत प्रशासक बसले, तेव्हा समितीचे अधिकारही त्यांच्याकडेच होते, त्यामुळे प्रस्ताव ठेवणारा आणि मंजूर करणारा एकच. त्या काळातल्या फाइली तर जास्तच नीट वाचायला हव्यात असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि मुख्य गोष्ट तारखेची. किती वाढलं यापेक्षा मंजुरी कधी झाली ते बघा. पाषाण लागला त्या दिवशी पंचनामा, फोटो, लेखी सूचना, मग वाढीचा प्रस्ताव, मग मंजुरी, मग काम आणि मोजमाप पुस्तकात नोंद, हा झाला सरळ क्रम. प्रत्यक्षात मात्र काम आधी उरकतात, चर बुजवतात, वर काँक्रीट टाकतात आणि चार-सहा महिन्यांनी 'कार्योत्तर मंजुरी' म्हणून विषय आणतात. तोपर्यंत खाली पाषाण होता की मुरूम हे कुणाच्या बापाला कळणार नाही. खरी तातडी असेल, पाइप फुटून घरात पाणी शिरतंय, तर कार्योत्तर समजू शकतो, पण ती सवय झाली की मंजुरीला काही अर्थ उरत नाही.

तुमचं काम अजून चालू आहे, चर उघडा आहे, म्हणून आजच चरात टेप लावून मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग माहिती अधिकारात 10 रुपये भरून एक्सेस-सेव्हिंग स्टेटमेंट, ईआयआरएल, मंजुरीची टिप्पणी आणि मोजमाप पुस्तकाची पानं मागा, उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. त्याच कायद्यात चालू कामाची प्रत्यक्ष पाहणी करायचा अधिकारही आहे, तोही अर्जात लिहा.

प्रश्न: माझा भाऊ लहान ठेकेदार आहे. साहेबांनी तोंडी सांगितलं म्हणून 60 मीटर जास्तीची भिंत बांधली, आता बिल अडकलंय. काय करावं?

उत्तर: वाईट वाटतं, कारण असे कितीतरी जण मी पाहिलेत, बायकोचे दागिने गहाण ठेवून मजुरी भागवलेले. बी-1 च्या कलम 14 मध्ये बदलाची सूचना लेखी लागते. साहेबांचा मेसेज, साइट ऑर्डर बुकमधली ओळ, भिंतीचे फोटो, सिमेंटची चलनं, जे असेल ते जोडून कार्यकारी अभियंत्याला पत्र द्या, आवक क्रमांक घ्या आणि संयुक्त मोजणी मागा. भिंत उभी आहे तोवर मोजता येते. अंतिम बिलावर मात्र हरकत न लिहिता सही करू नका, नंतर भांडणं फार अवघड जातं.