रॅम किती पुरते? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : दुकानातला लॅपटॉप सातव्या पिढीच्या आय३ प्रोसेसरचा आहे. रॅम 4 जीबी, हार्ड डिस्क 1 टीबी, विंडोज 10. टॅली, व्हॉट्सॲप वेब आणि जीएसटीचं पोर्टल एकदम उघडलं की माऊससुद्धा हलत नाही. कॉम्प्युटरवाला म्हणतो, 16 जीबी करून घ्या. घेऊ का?
– किराणा व्यापारी, बार्शी

उत्तर : 16 ची गरज नाही. आधी दोष रॅमचा की डिस्कचा ते बघा, कारण दोन्हींची लक्षणं सारखीच असतात. लॅपटॉप सुरू करून काहीही न उघडता दहा मिनिटं थांबा, मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी आणि डिस्क असे रकाने दिसतील. नुसत्या विंडोजवरच डिस्क 100 टक्क्यांना चिकटून बसली असेल, तर अडचण हार्ड डिस्कची. डिस्क शांत आहे, पण टॅली आणि क्रोम उघडल्यावर मेमरी 90 च्या पुढे गेली आणि मग डिस्क 100 झाली, तर रॅम कमी पडतेय. रॅम भरत आली की विंडोज तिथला डेटा डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये नेऊन ठेवतं आणि लागला की परत आणतं. फिरत्या तबकडीच्या डिस्कला ही ये-जा झेपत नाही, म्हणून माऊस अडकतो.

तुमच्याकडे बहुधा दोन्ही निघेल. विंडोज आणि अँटिव्हायरस मिळूनच दोन-अडीच जीबी खातात. टॅली फार मागत नाही. खादाड असतो तो ब्राउझर. रॅमचा रिकामा स्लॉट असेल तर 4 जीबीची आणखी एक स्टिक टाकून एकूण 8 करा आणि 256 जीबीची एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर चालणारी वेगवान डिस्क) बसवा, बास. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर एसएसडी आधी. पण सातव्या पिढीचा आय३ विंडोज 11 च्या अधिकृत यादीत नाही, आणि विंडोज 10 चे नेहमीचे सुरक्षा-अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. ज्या मशीनवर रोज बँकेचे पासवर्ड टाकता, त्या जुन्या मशीनवर याहून जास्त खर्च करू नका.

प्रश्न : मुलीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगसाठी लॅपटॉप घ्यायचा आहे. 8 जीबी घेऊन नंतर वाढवावी, की एकदमच 16 घ्यावी?
– पालक, नाशिक

उत्तर : 16 घ्या. विंडोज 11 ची किमान अट 4 जीबीची आहे, पण त्या अटीला फक्त ‘सुरू होतो’ एवढाच अर्थ आहे. ऑफिस, व्हिडिओ कॉल आणि दहा-पंधरा टॅब एवढंच काम असेल तर आजही 8 मध्ये भागतं. मुलीला मात्र अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) लागेल, व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आतच चालणारा दुसरा आभासी कॉम्प्युटर) लागेल. एका व्हर्च्युअल मशीनला 4 जीबी देऊन टाकले की 8 मधले उरले किती? आणि 32? ते फोर-के व्हिडिओ एडिटिंग, जड थ्रीडी किंवा एकावेळी दोन-तीन व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्यांसाठी. कॉलेजसाठी नको.

‘नंतर वाढवू’ हे प्रत्येक लॅपटॉपला लागू होत नाही. स्पेसिफिकेशनमध्ये एलपीडीडीआर5 किंवा ‘ऑनबोर्ड’ लिहिलं असेल तर रॅम बहुतेक वेळा बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे काढता न येणारी असते. स्लॉट नसेल तर कायमची तेवढीच. ॲपल सिलिकॉनच्या (ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या) मॅकबुकमध्येही ती बदलता येत नाही. काही लॅपटॉपमध्ये 8 सोल्डर आणि वर एक रिकामा स्लॉट, अशी मधली सोय असते. एआय सर्व्हरच्या मागणीमुळे 2025 च्या अखेरीपासून रॅम महाग झाली आहे. तेव्हा बजेट बसतच नसेल, तर एका स्लॉटमध्ये 8 जीबी आणि दुसरा रिकामा असं मॉडेल शोधा. सोल्डर केलेले 8 आणि स्लॉट नाही, असं मशीन कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

प्रश्न : 16 जीबीचा लॅपटॉप घेतला, पण विंडोज 13.9 च वापरण्याजोगी दाखवतं. फसवणूक झाली का?
– निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं की प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅममधला वाटा स्वतःकडे राखून ठेवतं. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर तो ‘हार्डवेअर रिझर्व्हड’ म्हणून दिसतो. काही मशीनच्या बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) कमी करता येतो. 16 ऐवजी थेट 7.9 दिसले असते तर मात्र एक स्टिक नीट बसलेली नाही किंवा बिघडली आहे, असं समजायचं.

प्रश्न : 8 जीबीच्या जोडीला 16 ची स्टिक घरीच बसवायची आहे. कंपनी आणि स्पीड वेगळे चालतील?
– डीटीपी ऑपरेटर, इचलकरंजी

उत्तर : कंपनी वेगळी असली तरी सहसा चालते. 3200 आणि 2666 स्पीडच्या स्टिक एकत्र लावल्या तर दोन्ही 2666 ने धावतील. पिढी मात्र तीच हवी: डीडीआर4 च्या स्लॉटमध्ये डीडीआर5 बसत नाही, खाचेची जागाच वेगळी असते. जोर लावलात तर स्लॉट तुटेल. 8 अधिक 16 मध्ये साधारणपणे पहिले 16 जीबी ड्युअल चॅनलवर (दोन्ही स्टिक एकदम, म्हणून वेगात) आणि वरचे 8 सिंगलवर चालतात. डीटीपीच्या कोरलड्रॉसाठी एवढं पुष्कळ आहे.

शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा, म्हणजे लॅपटॉप पूर्ण बंद होतो. ॲडॉप्टर काढा, मागचं झाकण उघडून बॅटरीचं कनेक्टर सोडवा, पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. अंगातली स्थिर वीज जावी म्हणून धातूच्या वस्तूला हात लावा. स्टिक साधारण 30 अंशांत तिरकी धरून सोनेरी पट्टी जवळपास दिसेनाशी होईपर्यंत आत सरकवा, मग खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या क्लिपा ‘टक’ करून लागल्या पाहिजेत. स्क्रीन काळीच राहिली तर दहापैकी नऊ वेळा स्टिक अर्धवट बसलेली असते. डीडीआर5 असेल तर पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं काळी स्क्रीन राहू शकते, घाईने बंद करू नका. सुरू झाल्यावर स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधून तपासणी एकदा पूर्ण होऊ द्या. खराब स्टिक पहिल्या दिवशी कळली की बदलून मिळते. दोन महिन्यांनी फाइल बिघडायला लागल्यावर वाद घालावा लागतो.

प्रश्न : मोबाइलच्या खोक्यावर ‘8+8 जीबी’ लिहिलंय. म्हणजे 16 का?
– विद्यार्थी, परभणी

उत्तर : खरी रॅम 8. पुढचे 8 स्टोरेजमधून उसने घेतलेले, आणि स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी सावकाश चालतं. मागे ठेवलेली दोन-चार ॲप जरा जास्त वेळ टिकतात, इतकाच फायदा. 64 किंवा 128 जीबी स्टोरेजचा फोन भरत आला असेल तर सेटिंग्जमधून ते बंद करा; सॅमसंगमध्ये त्याला ‘रॅम प्लस’ म्हणतात. आणि रॅम साफ करणारी ॲप काढूनच टाका. ती बंद केलेलं ॲप तुम्ही पुन्हा उघडता तेव्हा ते मुळापासून सुरू होतं आणि बॅटरी उलट जास्त जाते.