लेस्बियन रोमँटिक कॉमेडी कमी पैशात: पटकथेपासून महोत्सवापर्यंत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पटकथा ११० पानांची, नायिका दोन, पैसे स्वतःचे आणि मित्रमंडळींचे, शूटिंगला १६ दिवस. सुरुवात कुठून करायची आणि असे सिनेमे कुठे अडकतात?

सुरुवात कात्रीने करा. ११० पानं १६ दिवसांत म्हणजे रोज जवळजवळ ७ पानं. छोट्या युनिटला ती उरकता येतील, पण विनोदाला जे जादा टेक लागतात त्यांना वेळ उरणार नाही. ८८ पानांवर आलात तर रोजची साडेपाच होतात. हे जमण्यासारखं आहे.

काय कापायचं? बहुतेक पहिल्या खर्ड्यांत घरच्यांना सांगण्याचे तीन-चार सीन असतात: आईला, भावाला, ऑफिसात. त्यातला एकच ठेवा, तोही कथा पुढे जात असेल तरच. या सीनमध्ये दोघी एकमेकींपासून दूर जातात आणि सिनेमा सामाजिक नाट्याकडे झुकतो. रोमँटिक कॉमेडीतला अडथळा पात्राच्या स्वभावातून यायला हवा. एक हट्टी, दुसरी निर्णय टाळणारी, एवढंही पुरतं.

या प्रकाराकडे स्वतःचा असा विनोद भरपूर आहे. आजची संध्याकाळ डेट होती की नुसती मैत्री, हे दोघींनाही ठरवता येत नाही. ओळखीचं वर्तुळ इतकं लहान की प्रत्येक जण कुणाची तरी माजी प्रेयसी. जिच्याशी सगळं संपलंय तीच सगळ्यात जवळची मैत्रीण. पटकथा तपासायची एक पद्धत सांगते: एका नायिकेच्या जागी पुरुष ठेवून सीन वाचा. एक शब्दही न बदलता तो तसाच चालत असेल, तर त्या सीनला अजून या दोघींचं असं काही सापडलेलं नाही. नंतर शूटिंगआधी पाच-सहा लेस्बियन वाचकांकडून, बाकीच्या मित्रांसमोर, पटकथा मोठ्याने वाचून घ्या आणि कोण कुठे हसलं याच्या खुणा करा. ज्या जागी फक्त बाकीचे मित्र हसतात, तिथे बहुधा विनोद नायिकांवर होतोय. शेवट गोडच ठेवा. या प्रेक्षकांनी मरणाऱ्या आणि नवऱ्याकडे परत जाणाऱ्या नायिका पुष्कळ पाहिल्या आहेत.

कलाकार निवडताना नायिका एकेकट्या निवडू नका. प्रत्येक भूमिकेसाठी तिघी शॉर्टलिस्ट केल्या की नऊ जोड्या होतात. प्रत्येक जोडीला २० मिनिटं द्या आणि चुंबनाचा नाही, भांडणाचा सीन वाचायला द्या. दोघींना एकाच फ्रेममध्ये रेकॉर्ड करा आणि नंतर पाहताना जी बोलत नाहीये तिच्याकडे बघा. ती खरोखर ऐकत असेल तर जोडी जमली. विनोदाचं टायमिंगही तिथेच कळतं.

जवळिकीच्या सीनसाठी इंटिमसी कोऑर्डिनेटर (असे सीन कलाकारांच्या संमतीने आणि सुरक्षितपणे बसवून देणारी व्यक्ती) परवडत असेल तर घ्याच. नसेल परवडत तरी कुठे स्पर्श चालेल, किती कपडे उतरतील, फ्रेममध्ये काय दिसेल हे दोघींशी वेगवेगळं बोलून शूटिंगच्या बऱ्याच आधी लेखी ठरवा. दिलेली संमती सेटवरही मागे घेता येते, हे त्या कागदात स्पष्ट असू द्या. हालचाली नृत्यासारख्या बसवून घ्या. त्या दिवशी सेटवर गरजेपुरतीच माणसं, मोबाईल बाहेर. हा सीन पहिल्या दोन दिवसांत लावू नका, तेव्हा कलाकारांचा युनिटवर विश्वास बसलेला नसतो. शेवटच्या दिवशीही नको, कारण तेव्हा सगळ्यांनाच घाई असते.

मुख्य लोकेशन पाचाच्या वर नकोत. युनिट एका जागेवरून दुसरीकडे हललं की दीड-दोन तास गेलेच. कॅमेऱ्यासाठी माझं ठाम मत: दोघी असलेला टू-शॉट आधी नीट मिळवा, क्लोज-अप नंतर. एकीचं वाक्य आणि दुसरीचा चेहरा एकाच वेळी दिसला की हसू आपोआप येतं. सतत कट मारून ते ओढून आणावं लागतं. शेवटच्या वाक्यानंतर पाच सेकंद ‘कट’ म्हणू नका. एडिटरला सगळ्यात उपयोगी पडणाऱ्या नजरा तिथेच मिळतात.

पैसे वाचवायचे तर कॅमेऱ्यात वाचवा, साउंडमध्ये नाही. दोघींना वेगळे लेपल माइक (कपड्यांना लावायचे छोटे), शिवाय बूम, म्हणजे काठीवरचा माइक. एकमेकींचं वाक्य तोडत बोलणं टू-शॉटमध्ये चालेल, पण क्लोज-अपला संवाद सुटे घ्या, नाहीतर एडिटिंगला हात बांधले जातात. प्रत्येक लोकेशनवर किमान ३० सेकंद रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा त्या जागेचा आवाज, रेकॉर्ड करा. पार्टीच्या सीनमध्ये गाणं थोडा वेळ वाजवून ठेका पकडू द्या, मग बंद करा आणि सगळ्यांना शांततेत नाचू द्या. मागे गाणं वाजत राहिलं तर ते संवादातून स्वच्छ वेगळं काढणं अवघड जातं, आणि हक्क मिळाले नाहीत तर अख्खा सीन जातो. हक्कही दोन असतात, रचनेचे वेगळे आणि ध्वनिमुद्रणाचे वेगळे. दोन्ही लेखी हवेत. फक्त महोत्सवांपुरता परवाना स्वस्त पडतो, पण पुढे ओटीटीची वेळ आली की पुन्हा वाटाघाटी कराव्या लागतात.

मधेच पैसे संपले तर सिनेमा मेला असं समजू नका. रोझ ट्रोश यांचा ‘गो फिश’ कृष्णधवल १६ मिमीवर असाच थांबत-थांबत पूर्ण झाला आणि १९९४च्या सनडान्स या अमेरिकन महोत्सवात विकला गेला. फक्त केस, कपडे, घरातली मांडणी यांचे फोटो रोज काढून ठेवा, म्हणजे खंड पडला तरी जोड दिसणार नाही.

रफ कट, म्हणजे एडिटिंगचा पहिला कच्चा खर्डा, अनोळखी १५-२० जणांना दाखवा आणि खोलीतला आवाज रेकॉर्ड करा. अपेक्षित जागी हसू आलं नाही तर तो विनोद बदलण्याआधी मागचे दोन सीन तपासा. बऱ्याचदा लागणारी माहिती तिथे पोचलेली नसते. एकूण लांबी ९० मिनिटांच्या आत बसवा.

महोत्सवांना पाठवताना क्रम पाळा. मोठ्या सर्वसाधारण महोत्सवांत जागतिक प्रीमियरला महत्त्व असतं, म्हणून आधी तिथे अर्ज करा. तिथला निकाल लागला की फ्रेमलाइन, बीएफआय फ्लेअर, कशिश असे क्विअर महोत्सव. या सिनेमाचा खरा प्रेक्षक तिथेच भेटतो. सोबत पोस्टरला चालतील असे दोघींचे फोटो लागतात. व्हिडिओतून काढलेली फ्रेम अंधुक येते, म्हणून निदान दोन दिवस स्टिल फोटोग्राफर बोलवा. वितरकासाठी सगळ्या कलाकारांचे आणि लोकेशनचे करार शूटिंगआधीच करून ठेवा; संवादांची यादी आणि संवादाविना संगीत-ध्वनीचा वेगळा ट्रॅक मिक्सिंगच्या वेळीच करून घ्या. नंतर करायला गेलात तर स्टुडिओचा खर्च दुसऱ्यांदा पडतो.