पोटातली नळी की दुर्बीण?

प्रश्न: माझा नातू २६ आठवड्यांचा जन्मला, वजन ८५० ग्रॅम. अठराव्या दिवशी पोट फुगलं, शीतून रक्त गेलं, आतड्याला छिद्र पडलं. डॉक्टरांनी आधी पोटात नळी घातली, दोन दिवसांनी पोट उघडावंच लागलं. आता बाळ घरी आहे. माझं पित्ताशय दुर्बिणीने काढलं होतं. बाळाचं तसं का केलं नाही? आणि नळी फुकट गेली का? (एक आजी, नाशिक)

उत्तर: आजी, नळी फुकट गेली नाही. का, ते पुढे येईलच. आधी दुर्बिणीचं बघू. दुर्बिणीने बघायला पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करावी लागते. मोठ्या माणसाला १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याएवढा दाब सहज चालतो, नवजात बाळाला ५ ते ८ सुद्धा जपूनच. व्हेंटिलेटरवरच्या बाळाचं फुगलेलं पोट आधीच फुप्फुसांना वर दाबत असतं, त्यात हा वायू रक्तात शोषला जातो आणि अंगही गार पडतं. शिवाय आजारी आतडं भिजलेल्या कागदासारखं असतं, चिमट्यात धरलं की फाटतं. ८५० ग्रॅमच्या बाळाच्या अंगात रक्त जेमतेम ७५ मिली, म्हणजे अर्धा कप. त्यातलं चमचाभर गेलं तरी फार.

नळीची पद्धत टोरांटोच्या सर्जननी १९७७ मध्ये मांडली. बाळाला वॉर्मरवरून, म्हणजे ऊब देणाऱ्या पाळण्यावरून, हलवत नाहीत. वेदनाशामक देऊन, जागेपुरती भूल देऊन पोटाच्या उजव्या बाजूला खाली सेंटीमीटरभर छेद घेतात. वर जात नाहीत, कारण या बाळांचं यकृत मोठं असतं आणि धक्का लागला तर रक्त थांबत नाही. कोंडलेला वायू आणि घाण बाहेर येते, मग मऊ रबरी पट्टीसारखी नळी आत सरकवून टाक्याने कातडीला बांधतात. पोटाचा ताण उतरला की श्वास सुधारतो, लघवी सुरू होते.

पण मेलेलं आतडं नळीतून बाहेर येत नाही. खरी गोम इथे आहे. छिद्रं दोन आजारांत पडतात. एकात पहिल्या आठवडा-दहा दिवसांतच, बहुधा लहान आतड्याच्या शेवटाकडे, एकच भोक पडतं आणि बाकीचं आतडं निरोगी असतं. तिथे पुष्कळदा नळीवर भागतं. दुसरा एनईसी, म्हणजे आतडं सडण्याचा आजार. तो बहुधा दूध सुरू झाल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी येतो, आणि एक्स-रेत आतड्याच्या भिंतीत हवेचे बुडबुडे दिसतात. अमेरिकेत १००० ग्रॅमपर्यंतच्या ३१० बाळांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये आला. सगळी बाळं एकत्र धरली तर नळी आणि पोट उघडणं यांत फरक नव्हता. पण शस्त्रक्रियेआधी एनईसीचं निदान झालेल्यांत मृत्यू किंवा विकासात मोठा अडथळा पोट उघडल्यावर ६९ टक्के, नळीनंतर ८५ टक्के. एकाच भोकाच्या आजारात ६९ आणि ६३.

तुमच्या नातवाची लक्षणं दुसऱ्या आजाराची वाटतात. तेव्हा शक्यतो पोट उघडणंच बरं, पण रक्तदाब ढासळलेल्या बाळाला आधी सावरावं लागतं. ते दोन दिवस नळीने मिळवून दिले असतील. नळी घातल्यावर लघवी तासाला किलोमागे १ मिलीच्या खाली राहिली, प्लेटलेट घसरत गेल्या, रक्तातलं आम्ल वाढलं, तर वाट न बघता पोट उघडायचं असतं.

प्रश्न: एनईसी औषधांवर बरा झाला, पण दीड महिन्याने मुलीचं पोट पुन्हा फुगतं, हिरवी उलटी होते. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: हिरवी उलटी म्हणजे दूध बंद करून आजच रुग्णालयात न्या. सुजलेलं आतडं भरून येताना व्रण आकसतो आणि वाट अरुंद होते, बहुधा मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला. गुदद्वारातून विरघळणारं औषध सोडून एक्स-रे काढला की जागा कळते. इथे मात्र दुर्बीण उपयोगी पडते. बाळ दोन किलोच्या पुढे असतं, सूज उतरलेली असते. ३ मिलिमीटरच्या दुर्बिणीने जागा शोधून, बेंबीचा छेद थोडा वाढवून आतड्याचा तेवढाच भाग बाहेर काढतात, कापून जोडतात, परत आत सोडतात. व्रण बेंबीतच दडतो. आतडी एकमेकांना फार चिकटलेली असली तर अर्ध्यावरून पोट उघडावं लागतं. त्याची संमती आधीच देऊन ठेवा.

प्रश्न: दुसऱ्या खेपेला हा आजार टाळता येईल का? (एक आई, ठाणे)

उत्तर: पूर्ण नाही, पण आईच्या दुधाने धोका खरंच कमी होतो. प्रसूतीनंतर पहिल्या काही तासांतच हाताने चीक काढायला लागा. थेंबभरच आला तरी सिरिंजमध्ये धरून द्या. दूध उतरेपर्यंत मिल्क बँकेचं दूध मागा. मुंबईत शीवच्या रुग्णालयात १९८९ पासून ती सोय आहे.