फिरत्या जत्रेला परवानगी मिळाली, म्हणजे तिथल्या राइड्स सुरक्षित आहेत असं समजायचं का?

नाही. जत्रेची परवानगी आणि पाळण्याची तपासणी या दोन वेगळ्या फायली आहेत, आणि बहुतेक ठिकाणी त्या वेगळ्या टेबलांवर फिरतात. राइड्स तपासणं हे माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मैदानाच्या परवानगीत जागा, वाहतूक, आवाज, आगीचा बंदोबस्त, गर्दी बाहेर पडायचे रस्ते हे बघितलं जातं. इंग्लंडमध्ये तर मोकळी जागा वर्षात 28 दिवसांपर्यंत अशी तात्पुरती वापरायची असेल, तर बहुतेक वेळा वेगळी नियोजन परवानगी लागतच नाही. यंत्रांसाठी तिथे ‘अॅडिप्स’ ही निराळी योजना आहे. स्वतंत्र निरीक्षक आधी डिझाइन तपासतात, मग ठरावीक काळाने राइड. प्रमाणपत्र जास्तीत जास्त 12 महिने चालतं.

खरी गोम पुढे आहे. प्रमाणपत्र असतं यंत्राचं, आणि तुम्ही बसता ते काल रात्री घाईघाईत केलेल्या जोडणीवर. तीच राइड वर्षभरात कितीदा तरी खोलली जाते, ट्रेलरवर चढते, नव्या जमिनीवर उभी राहते. जर्मनीत अशा राइड्स बांधकाम कायद्याखाली येतात. प्रत्येकीचं तपासणी-पुस्तक तिच्यासोबत फिरतं, आणि नव्या जागी उभारणी झाली की स्थानिक बांधकाम खातं तिथे येऊन ती तपासू शकतं, शेरा त्याच पुस्तकात पडतो. मला ही पद्धत सगळ्यात शहाणपणाची वाटते.

मी गेल्या गेल्या आधी जमीन बघतो. जॅकखालचे लाकडी ठोकळे सपाट बसलेत का, की उंची जुळवायला फळकुटं कोंबलीत? रात्री पाऊस पडला तर एका कोपऱ्यातला जॅक बोटभर खचतो. वरून काही कळत नाही, पण चौकट पिळली जाते आणि ताण जाऊन बसतो बेअरिंगवर, वेल्डिंगवर. मग राइडचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या पिना. प्रत्येक पिनेला तिची क्लिप हवी. क्लिप हरवली म्हणून तिथे तार किंवा खिळा वाकवून घातलेला दिसला, की मी राइड बंद ठेवायला सांगतो. यावरून वाद होतातच, कारण बाहेर तिकिटाची रांग लागलेली असते.

अर्थात तपासणी झाली म्हणजे सगळं दिसलं असंही नाही. 2017 मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या जत्रेत ‘फायर बॉल’ नावाच्या राइडचा बसायचा भाग चालू असतानाच तुटला आणि एका तरुणाचा जीव गेला. त्याच दिवशी ती राइड तपासणीत पास झाली होती. पोकळ आधाराला आतून गंज लागला होता. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, अल्ट्रासॉनिक यंत्राने पत्र्याची जाडी मोजावी लागते.

हवा भरलेल्या, उड्या मारायच्या गाद्यांना तर लोक राइड समजतच नाहीत! 2016 मध्ये इंग्लंडमधल्या हार्लोत अशी एक गादी वाऱ्याने उडाली आणि त्यात सात वर्षांची मुलगी दगावली. गादी जमिनीला नीट बांधली नव्हती, हवामानाकडेही कुणाचं लक्ष नव्हतं. चालवणाऱ्या दोघांना तुरुंगवास झाला. युरोपीय मानकानुसार ताशी 38 किलोमीटरच्या वर वारा गेला की अशी गादी वापरायची नाही. म्हणून वारा मोजायचं यंत्र आहे का, हे जरूर विचारा.

बाकी तुम्हाला रांगेत उभं राहूनही बरंच कळतं. ऑपरेटर प्रत्येकाच्या सीटवरचा अडवणारा बार स्वतः हाताने ओढून बघतो का? उंचीच्या खुणेपेक्षा बुटकं मूल परत पाठवतो का? राइड फिरताना त्याची नजर राइडवर असते की मोबाइलवर? प्रमाणपत्र मागितलं तर तारखेसोबत त्यावरचा राइडचा क्रमांकही यंत्रावरच्या पट्टीशी ताडून बघा. एकाच मालकाच्या दोन सारख्या राइड्स असल्या तर कागद एकीचा आणि राइड दुसरीच, असंही होतं.