समुद्री शेवाळातल्या घटकांपासून बनवलेलं सनस्क्रीन खरंच उन्हापासून वाचवतं का?

हो, पण ट्यूबवर 'समुद्री शेवाळ' लिहिलंय एवढ्यावर विसंबू नका.

यामागचं शास्त्र मला फार सुंदर वाटतं. सुशी या जपानी पदार्थाभोवती गुंडाळतात ती नोरी म्हणजे पोर्फायरा जातीचं लाल शेवाळ. ओहोटीला ते तासन्‌तास उघड्या खडकावर उन्हात पडून असतं. तग धरण्यासाठी ते मायकोस्पोरिनसारखी अमिनो आम्लं तयार करतं. त्यातलं एक पोर्फायरा-३३४. नावातला आकडा नॅनोमीटरचा आहे, त्याच तरंगलांबीला ते सर्वाधिक अतिनील किरण शोषतं. ही लांबी अतिनील किरणांच्या यूव्हीए पट्ट्यात येते. शोषलेली ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर पडते आणि रेणू स्वतः सहसा मोडत नाही. प्रवाळांमध्येही हेच रेणू सापडतात. झेब्राफिश तर गॅड्युसॉल नावाचा त्यांचा जवळचा नातलग स्वतःच्या शरीरात बनवतो. हे २०१५ साली उघड झालं.

अडचण अशी की हे रेणू पाण्यात विरघळतात, म्हणजे घामाबरोबर वाहून जाऊ शकतात. शिवाय शेवाळात त्यांचं प्रमाण थोडं असतं, त्यामुळे ते वेगळे काढणं महाग पडतं. युरोपात किंवा अमेरिकेत त्यांना अधिकृत यूव्ही फिल्टर, म्हणजे सनस्क्रीनमधला अतिनील किरण अडवणारा घटक, म्हणून मान्यता नाही. बाजारातल्या क्रीममध्ये ते असले तरी एसपीएफचा (उन्हापासूनच्या संरक्षणाच्या आकड्याचा) भार बहुधा झिंक ऑक्साइडसारखे नेहमीचे फिल्टरच उचलतात.

प्रवाळांच्या काळजीने विचारत असाल, तर सनस्क्रीनमधली ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्झेट ही रसायनं टाळा. अमेरिकेतल्या हवाई राज्याने १ जानेवारी २०२१ पासून ही रसायनं असलेल्या सनस्क्रीनच्या डॉक्टरी चिठ्ठीविना विक्रीवर बंदी घातली आहे. तारकर्लीला स्नॉर्कलिंगला जाताना तर ट्यूबमागची यादी नक्की वाचा, तिथे पाण्याखाली प्रवाळ आहेत.