लीड्सला येण्याआधी एकटेपणाचा विचार करतेयस, तर हे वाच

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून तू विचारलंस, सप्टेंबरात एमएस्सीला इंग्लंडमध्ये लीड्सला येतेय, एकटेपणा झेपेल का? आणि मनाच्या त्रासासाठी डॉक्टरकडे गेलं तर विद्यापीठाला कळतं का? दुसऱ्याचं उत्तर आधी देते: डॉक्टर परस्पर कुणाला कळवत नाहीत. कुणाच्या जिवाला गंभीर धोका असेल किंवा कायद्यानेच भाग पाडलं, तर अपवाद.

पहिल्याचं उत्तर एवढं सोपं नाही. सुरुवातीचे दिवस नवलाईत जातात. डिसेंबरात पावणेचारलाच सूर्य मावळायला लागला की मग जाणवतं. गावाकडे शेजारच्या काकू न बोलावता चहाला येऊन बसतात. इथं भिंतीपलीकडे कोण राहतं तेही कळत नाही. झोप उडते, भात टाकायचाही कंटाळा येतो, आणि आईचा व्हिडिओ कॉल आला की मुली केस सारखे करून "बरं चाललंय" म्हणतात. घरचे घाबरतील म्हणून गप्प राहणाऱ्या कितीतरी मुली मी इथं बघते, जीव तुटतो. म्हणून निघण्याआधीच आईला सांगून ठेव: "कधी रडले तर लगेच 'परत ये' म्हणू नको, नुसतं ऐकून घे."

एकटेपणा इथल्या सरकारलाही मोठा प्रश्न वाटला: ब्रिटनने 2018 मध्ये त्यासाठी मंत्रीच नेमला. खून झालेल्या खासदार जो कॉक्स यांच्या नावाच्या आयोगाने तशी शिफारस केली होती. तुझ्या कामाचं सांगायचं तर, व्हिसाबरोबर विद्यार्थी आरोग्य अधिभार भरतात, वर्षाला 776 पौंड. त्यातूनच एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, वापरता येते. तेव्हा आल्या आल्या जीपीकडे, म्हणजे घराजवळच्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदव. एनएचएसच्या टॉकिंग थेरपीजला, म्हणजे बोलून उपचार करणाऱ्या सेवेला, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय थेट अर्ज करता येतो, फी नाही. नंबर लागायला वेळ जातो, म्हणून फार बिघडेपर्यंत थांबू नकोस. रात्री-अपरात्री मन मोकळं करायला समॅरिटन्स या संस्थेचा 116 123 हा फोन फुकट आहे.

मागे राहणाऱ्या आई-बाबांचंही बघ. आपल्याकडे 2022 पासून टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा आहे, 14416, चोवीस तास, मोफत, आणि मराठीतही. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था जवळ आहे, पण मनातलं दुखणं कन्नडमध्ये अडखळत सांगायची वेळ कुणा म्हाताऱ्यावर येऊ नये. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातच लिहिलंय की उपचारांची माहिती रुग्णाला समजेल अशा सोप्या भाषेत द्यावी. बेळगाव जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत मराठी बोलणारे समुपदेशक हवेत, ही मागणी आपण सीमाभागातल्यांनी लावून धरली पाहिजे.

तोवर 14416 बाबांच्या फोनमध्ये सेव्ह करून दे, आणि भाषा कशी निवडायची तेही एकदा दाखव.